उन्हाळ्यातील सांदवाडीचा एक निवांत दिवस कसा आखावा

मे महिन्याच्या उत्तरार्धात विदर्भातील पारा 45 अंशांच्या आसपास असतो, तेव्हा घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसबागेत, दिवसभर राबण्याचा विचार कोणी करत नाही आणि करूही नये. तरीही घरच्या सगळ्यांनी मिळून बागेत एक दिवस घालवायचा असेल, तर वर्षातील हेच दिवस त्यासाठी उत्तम आहेत, असे माझे ठाम मत आहे. माहेरवाशिणी मुलाबाळांसह आलेल्या असतात, वावरातली नांगरणी-वखरणी उरकत आलेली असते आणि खरिपाच्या पेरणीला अजून अवकाश असतो. शिवाय उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे मे महिन्यात मुलांनी खणलेल्या खड्ड्यात पाऊस पडल्यावर रोप लावायलाही बहुधा तीच मुले हजर असतात, आणि हा लाभ शहरातल्या बागेला सहसा मिळत नाही.

हा दिवस घड्याळापेक्षा उन्हाकडे पाहून आखावा. या दिवसांत सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि पावणेसातच्या सुमारास मावळतो. पहाटेपासून नऊपर्यंतचा वेळ मेहनतीच्या कामांचा, नऊ ते साडेपाच हा वेळ घरातला किंवा दाट सावलीतला, आणि साडेपाचनंतरचा वेळ पाण्याचा व गप्पांचा, अशी सरळ वाटणी करावी. नवीन लागवड या दिवशी करूच नये. आहे ती झाडे जगवणे आणि पावसाळ्याची तयारी करून ठेवणे एवढ्यावरच लक्ष ठेवले, तर दिवस खरोखर निवांत जातो. पन्नास कामे काढली, तर सगळे थकतात आणि झाडांनाही त्याचा फायदा होत नाही.

आदल्या संध्याकाळची तयारी

सर्वांत आधी पाण्याचा हिशेब करावा. विहिरीला, हापशीला किंवा नळाला रोज किती बादल्या पाणी सुटते आणि त्यातून घर, जनावरे व पिण्याचे वगळून सांदवाडीला किती उरते, हे घरातल्या मोठ्या माणसांनी एकत्र बसून ठरवावे. उरलेल्या पाण्यात जेवढी झाडे नीट जगतील, तेवढीच राखावीत. लिंबू, जांब (पेरू), गोडलिंब (कढीपत्ता), तोंडलीचा वेल आणि मांडवावरचा दोडका यांना पहिला मान द्यावा. मुनग्याचे (शेवग्याचे) मोठे झाड पाण्यावाचून उन्हाळा काढते, त्याची चिंता करू नये. हिवाळ्यात लावलेली, आता कीड लागून थकलेली वांगी आणि जून झालेली भेंडी मात्र उपटून टाकावी, कारण त्यांना घातलेले पाणी वाया जाते आणि त्यांच्यावरची कीड पुढच्या हंगामापर्यंत टिकून राहते. आजीने जपलेल्या वांग्याच्या झाडावरून घरात वाद होतो हे खरे आहे. अशा वेळी त्याच्या एखाद्या निरोगी फळाचे बी राखून ठेवावे आणि मग झाड काढावे.

न्हाणीचे पाणी जिथे जाते, तिथे केळ, अळू किंवा कर्दळ असेल, तर त्यांना वेगळे पाणी द्यावे लागत नाही. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यातील, म्हणजे जमिनीतले पाणी खारट असलेल्या भागातील, घरांनी मात्र एक काळजी घ्यावी. तिथले विहिरीचे पाणी पानांवर शिंपडू नये, ते सावकाश मुळाशीच द्यावे, कारण उन्हात पाणी उडून जाते आणि क्षार पानावर राहून ते करपते.

काळी जमीन या दिवसांत एवढी कडक झालेली असते की टिकास मारले तरी ते उसळून येते. म्हणून जिथे खड्डे खणायचे असतील, तिथे आदल्या संध्याकाळी दोन-दोन बादल्या पाणी ओतून ठेवावे. रात्रभरात वरचा थर मऊ होतो आणि सकाळी मुलांनाही कुदळ चालवता येते. कुदळ, खुरपी, विळा, घमेले, टोपले आणि बादल्या त्याच संध्याकाळी एका जागी आणून ठेवाव्यात. सकाळचा गार वेळ अवजारे शोधण्यात जाऊ नये. माठही त्याच वेळी भरून झाकावा.

शक्य असेल तर घरातल्या प्रत्येकाला एक झाड नेमून द्यावे. आजोबांना लिंबू, मावशीला तोंडली, धाकट्याला गोडलिंब, अशी वाटणी झाली की प्रत्येक जण आपल्या झाडाकडे नीट पाहू लागतो आणि पाणी कोणी घातले, कोणी नाही, हा घोळही राहत नाही.

सकाळ: आळी, आच्छादन आणि बोर्डो मलम

चहा झाला की सगळ्यांनी डोक्याला दुपट्टा किंवा पदर बांधून सांदवाडीत उतरावे. अंधार पुरता सरलेला नसेल, तर पालापाचोळ्यात आणि दगडांच्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे, कारण या दिवसांत विंचू आणि साप गारव्याला अशाच जागी बसतात. मुलांच्या पायांत चपलेऐवजी बूट असावेत.

पहिले काम आळ्यांचे. बहुतेक घरी लिंबाच्या बुंध्यालाच खोलगट आळे करून त्यात पाणी सोडतात, आणि लिंबू-संत्र्याच्या डिंक्या रोगाची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते. बुंध्याशी पाणी साचून राहिले की जमिनीतली फायटोफ्थोरा ही बुरशी सालीत शिरते, साल तडकते आणि तिच्यातून डिंक वाहू लागतो. यावर दुहेरी आळे हा सोपा उपाय आहे. बुंध्याभोवती वीतभर अंतरावर मातीचा एक गोल बांध घालून आतली माती बुंध्याकडे थोडी उंच करावी. मग झाडाच्या फांद्या जिथपर्यंत पसरल्या आहेत, तिथे दुसरा बांध घालावा. पाणी या दोन बांधांच्या मधल्या भागात सोडावे, म्हणजे बुंधा कोरडा राहतो आणि पाणी पिणाऱ्या बारीक मुळ्या जिथे असतात, तिथेच ते पोहोचते. दोन-तीन वर्षांच्या झाडाला दर तिसऱ्या दिवशी दोन बादल्या पाणी अशा आळ्यात दिले, तर ते मे महिना चांगला काढते.

आळे ओले झाल्यावर खुरपीने वरवर हलवून भेगा बुजवाव्यात. काळ्या मातीची चिकण ओलीने फुगते आणि वाळली की आक्रसते, म्हणून तिला भेगा पडतात. या भेगांमधून खोलवरची ओल उडून जाते आणि बारीक मुळ्याही तुटतात. भेगा बुजवल्यानंतर लगेच आच्छादन घालावे. वऱ्हाडात सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) घरोघरी असते, तर भंडारा-गोंदियाकडे धानाची तणस (वाळलेला पेंढा) असते. जे जवळ आहे, ते वापरावे. थर चार बोटांपेक्षा कमी नसावा. तो बुंध्यापासून मात्र वीतभर दूर ठेवावा, नाहीतर उधई (वाळवी) कुटारातून थेट सालीवर चढते. टोपल्यांनी कुटार वाहून आणणे आणि पसरणे हे मुलांचे आवडते काम आहे. ते त्यांच्याकडेच सोपवावे, थोडे इकडेतिकडे सांडले तरी चालते.

लिंबू, मोसंबी किंवा संत्र्याची झाडे असतील, तर पावसाळ्यापूर्वी त्यांच्या खोडाला बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशी रोखणारा लेप, लावण्याचे काम याच सकाळी करावे. घरच्या चार-पाच झाडांना एक लिटर मलम पुरते. त्यासाठी 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), 100 ग्रॅम कळीचा चुना आणि एक लिटर पाणी लागते. मोरचूद आदल्या संध्याकाळी फडक्यात बांधून अर्धा लिटर पाण्यात वरच्या बाजूला लोंबकळत ठेवावे, म्हणजे रात्रभरात ते आपोआप विरघळते आणि पाणी गर्द निळे होते. चुना दुसऱ्या भांड्यात उरलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात विरवावा. ही भांडी प्लास्टिकची किंवा मातीची असावीत, लोखंडाची अजिबात नसावीत. सकाळी दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतून काठीने ढवळावीत.

मलम बरोबर जमले की नाही, हे पाहण्यासाठी घासून लख्ख केलेला लोखंडी चाकू त्यात थोडा वेळ बुडवून ठेवावा. बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस थर दिसला, तर मोरचूद मोकळे राहिले आहे असे समजून चुन्याचे आणखी पाणी घालावे आणि चाकू पुन्हा घासून बुडवावा. पाते पहिल्यासारखे स्वच्छ निघाले की मलम लावण्याजोगे झाले. मुले हा प्रकार मोठ्या उत्सुकतेने पाहतात. त्यांना पाहू द्यावे, पण भांड्यांपासून हातभर दूर उभे करावे, कारण मोरचूद विषारी आहे आणि चुन्याने डोळ्यांना इजा होते. खोडावर आधीच डिंक आलेला असेल, तर तेवढी सडकी साल धारदार चाकूने हलकेच खरवडून जागा साफ करावी. मग जमिनीपासून तीन फूट उंचीपर्यंत जुन्या ब्रशने मलम लावावे. तयार केलेले मलम त्याच दिवशी संपवावे आणि लावणाऱ्याने हातमोजे घालावेत.

या सगळ्यात आठ वाजतात. उरलेल्या तासाभरात खड्डे खणावेत. लिंबू, जांब, आंबा अशा झाडांसाठी दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा पुरतो. वरची एक वीत माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाकावी, कारण पुढे भरताना वरची कसदार माती मुळांजवळ जायला हवी. खड्डे नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांच्या, उन्हात उघडे पडू द्यावेत, म्हणजे मातीतल्या किडींची अंडी आणि कोष मरतात. अंगणात धाकटी मुले खेळत असतील, तर खड्ड्यावर काटेरी फांद्या किंवा फळ्या टाकून ठेवाव्यात. नऊ वाजले की काम अर्धे राहिले तरी थांबावे.

जुन्या माठांचा उपयोग

गेल्या वर्षीचा माठ पाणी गार करेनासा झाला की तो बहुतेक घरी उकिरड्याजवळ पालथा पडलेला असतो. तसा माठ सांदवाडीत फार उपयोगाचा असतो. साबण न लावता तो नारळाच्या शेंडीने आतून-बाहेरून घासून धुवावा, पाण्याने भरावा आणि रात्रभर ठेवून पाहावा. सकाळी त्याचे अंग ओलसर लागले, तर त्याची छिद्रे अजून जिवंत आहेत असे समजावे. रंग दिलेला किंवा चकाकी आणलेला माठ या कामाला चालत नाही.

पाच ते आठ लिटरचा असा माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरावा आणि तोंडावर थाळी झाकावी, नाहीतर पाणी उडून जाते आणि डासही होतात. काळी माती वाळली की माठापासून सुटते आणि मध्ये फट पडते. मग पाणी झिरपत असूनही मातीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून पुरताना माठाभोवती चार बोटे जाडीचा थर शेणखत आणि रेतीमिश्रित मातीचा द्यावा. आजूबाजूची माती कोरडी होते, तसे ती माठातले पाणी ओढून घेते आणि ओली असली की पाणी कमी सुटते, त्यामुळे पाणी किती द्यायचे याचा अंदाज माणसाला करावा लागत नाही. माठाच्या चारी बाजूंना वीतभर अंतरावर दोडका, कारले किंवा दुधीचे वेल असतील, तर दोन-तीन दिवसांतून एकदा माठ भरणे पुरेसे होते. लग्नकार्यासाठी घर दोन दिवस बंद ठेवून जाणाऱ्यांना याहून चांगली सोय मला माहीत नाही.

सावली कुठून येते

आच्छादनानंतर सर्वांत जास्त उपयोग सावलीचा होतो, आणि ती कोणत्या बाजूने द्यायची हे मुलांकडूनच शोधून घ्यावे. मेच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत भरदुपारी सूर्य विदर्भातील बहुतेक गावांच्या अगदी डोक्यावर येतो. चंद्रपूरकडे 20 मेच्या सुमारास, तर अमरावती-नागपूरकडे 25-26 मेच्या सुमारास, बारा वाजून दहा-पंधरा मिनिटांनी सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. मुलांना दुपट्टा बांधून दोन मिनिटे अंगणात न्यावे, काठी दाखवावी आणि लगेच आत आणावे. पश्चिमेची भिंत भरदुपारी झाडाला कसलीही सावली देत नाही आणि मांडव वरूनच घालायला हवा, हे समजावून सांगण्याची मग गरज उरत नाही. चारनंतरचे ऊन मात्र पश्चिमेकडून तिरपे येते आणि तेही कडक असते. म्हणून वाफ्यावर तुराट्यांचा (तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा) विरळ मांडव घालावा आणि पश्चिमेला पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे) किंवा जुन्या सुती साडीचे आडोसे बांधावेत. अशा मांडवाखाली, रोज थोडे पाणी दिले, तर मे महिन्यातही सांबार (कोथिंबीर) उगवतो आणि दुपारच्या जेवणापुरता मिळत राहतो. मांडव घट्ट झाकू नये, वारा खेळता राहिला पाहिजे.

दुपार

दुपारचे जेवण जड नसावे. ज्वारीची भाकर, ताक, कांदा आणि कैरीचा तक्कू एवढे पुरे होते. तक्कूसाठी कैरी आणि कांदा किसून त्यात गूळ, मीठ, तिखट कालवावे आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी द्यावी. तिखट भिवापुरी मिरचीचे असेल, तर रंग आणि चव दोन्ही खुलतात. उकडलेल्या कैरीचे पन्हे सकाळीच करून माठाशेजारी ठेवले, तर नऊ वाजता बागेतून परतणाऱ्यांना लगेच देता येते.

कोणाला चक्कर येऊ लागली, उलटी झाली किंवा अंग तापले, तर त्याला सावलीत आडवे करून अंगावर ओले फडके फिरवावे. तो पूर्ण शुद्धीवर असेल, तर मीठ-साखरेचे पाणी घोटाघोटाने पाजावे. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा, तोंडात पाणी घालू नये, अंगावर पाणी ओतत राहावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

जेवणानंतर थोडी झोप झाली की सपरीत (ओसरीत) बसून बियाण्याचे काम काढावे. वेलावर वाळवलेले दोडके आणि दुधी हलवून पाहावेत. आत बी खुळखुळले, तर फोडून बी वेगळे करावे, पोचट बी निवडून टाकावे आणि चांगले बी चाळलेल्या राखेत मिसळून कोरड्या डब्यात ठेवावे. आजीला हे सारे सवयीने येते, म्हणून या कामाची सूत्रे तिच्याकडेच असावीत. घरचे सोयाबीन पेरायचे असेल, तर त्याची उगवण तपासण्याचे कामही मुलांना देता येते. निवड न करता 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळींत मांडावेत, गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि त्यावर रोज पाणी शिंपडावे. सातव्या दिवसापर्यंत 70 किंवा अधिक दाण्यांना निरोगी कोंब आले, तर बियाणे पेरणीयोग्य समजतात. त्याहून कमी आले, तर एकरी बियाणे वाढवावे लागते किंवा दुसरे शोधावे लागते. दाणे मुलांनी मोजलेले असले की रोज सकाळी गुंडाळी उघडून पाहण्याची आठवण कोणालाही करून द्यावी लागत नाही.

हळद लावायची असेल, तर तिचे बेणेही याच दुपारी निवडावे. वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद भौगोलिक मानांकन मिळालेली आहे, आणि त्या भागात पाहुण्यांचे जाणे-येणे असेल, तर थोडे बेणे मागून आणण्यासारखे आहे. डोळे फुगलेले, घट्ट कंद वेगळे काढावेत. मऊ पडलेले किंवा बुरशी आलेले बेणे स्वयंपाकातही घेऊ नये. हळद मुनग्याच्या किंवा जांबाच्या विरळ सावलीत चांगली येते, त्यामुळे सांदवाडीतली रिकामी वाटणारी जागा तिच्या उपयोगी पडते.

संध्याकाळ

साडेपाचनंतर पाणी देण्यास सुरुवात करावी. दिवसभर उन्हात पडलेल्या प्लास्टिकच्या नळीतील पाणी हात भाजेल इतके तापलेले असते. ते आधी बादलीत सोडून द्यावे आणि हाताला गार लागू लागल्यावरच नळी आळ्यात ठेवावी. संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर मातीत मुरते, दुपारी दिलेले पाणी बरेचसे उडून जाते. ज्याने त्याने आपापल्या झाडाला पाणी द्यावे, आणि नळीऐवजी बादलीने दिले, तर किती दिले तेही कळते. चिमण्या, बुलबुल, साळुंक्या यांच्यासाठी मांडवाच्या सावलीत उथळ परळात पाणी ठेवावे. ते रोज बदलावे.

अंगणात सडा टाकून बाजा बाहेर काढल्या की उरलेली संध्याकाळ रोडग्यांची करता येते. गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले रोडगे (कणकेचे जाड गोळे) आणि वांग्याची भाजी हा बेत घरातले सगळे मिळून करतात, त्यामुळे चुलीपाशी एकट्या सुनेला बसावे लागत नाही. विस्तव मात्र कुटाराच्या ढिगापासून, तुराट्यांच्या मांडवापासून आणि गोठ्यापासून पुरेसा दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला असावा, आणि झोपण्यापूर्वी त्यावर पाणी ओतावे. ज्या भागात विस्तव नीट विझून कोरडी राख झालेली असेल, ती दुसऱ्या दिवशी चाळून डब्यात भरावी. वेलांच्या कोवळ्या पानांवर भुंगेरे आले, तर सकाळी दव असताना ही राख धुरळावी. ती लिंबाच्या आळ्यात टाकू नये, कारण आपली काळी माती मुळातच विम्लधर्मी (अल्कधर्मी) आहे आणि राखेने तो दोष वाढतो. पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात, ते पुष्कळदा याच कारणाने.

रात्री जमिनीवर न झोपता बाजेवर आणि शक्य तर मच्छरदाणी खोचून झोपावे, कारण मण्यार रात्रीच हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तिचा धोका अधिक असतो. अंधारात बागेकडे जाताना हातात बॅटरी असावी.

सकाळी खणलेले खड्डे पुढे मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास भरावेत. खड्ड्याच्या तळाशी वाळलेला पाला, त्यावर वरची कसदार माती, दोन टोपली चांगले कुजलेले शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळून टाकावी, आणि खड्डा जमिनीपेक्षा चार बोटे उंच भरावा, कारण पावसाने भर खाली बसते आणि काळ्या मातीत खोलगट जागी पाणी साचून रोप सडते. पहिल्या सरीवर रोप लावू नये. ओल किमान वीतभर खाली गेली आहे, हे खड्ड्याशेजारी काठी खुपसून पाहावे, आणि त्यानंतरच, शक्यतो ढगाळ संध्याकाळी, ज्या मुलाने तो खड्डा खणला त्याच्याच हातून रोप लावावे.